ताणावर सोडलेली वेल

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या दुभाजकात बोगनवेल लावली ती शोभेसाठी, आणि रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांची तिरीप चालकाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणूनही. तिथे तिच्या वाट्याला येते ती हातभर खोल मुरमाड माती, दोन्ही बाजूंनी धूर, डांबराची धग आणि टँकर फिरकला तर पाणी. तरीही उन्हाळ्यात ती अशी पेटते की पान दिसत नाही. याच रस्त्याने खाली उतरून पिंपरी-चिंचवडमधल्या थेरगावात यावे आणि एखाद्या नव्या सोसायटीच्या बागेत डोकवावे. लॉनच्या कडेला तीच बोगनवेल असते. तिला ठिबकचे रोजचे पाणी आहे, महिन्याला खताची मूठ आहे, माळीबुवांची देखरेख आहे. वेल हिरवीगार, फांद्या आठ-दहा फूट, काटे बोटभर, आणि फूल एकही नाही. मग कुणीतरी माळ्याला विचारते की हिला काय कमी पडते आहे, आणि उत्तर म्हणून आणखी एक मूठ खत पडते. या प्रकरणाचे म्हणणे असे, की प्रश्नच उलटा विचारला जातो. बोगनवेल कळायला हवी असेल तर बागकामाच्या पुस्तकापेक्षा सांगोल्याच्या डाळिंबवाल्याकडे किंवा काटोल-वरूडकडच्या संत्रावाल्याकडे जावे. झाड फुलवायचे तर आधी त्याला ताणावर सोडावे लागते, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या फळबागायतदाराला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे.

बागायतदार याला बहार धरणे म्हणतो. डाळिंब, लिंबू, संत्रा ही झाडे आपल्या हवेत वर्षभर थोडीथोडी फुलू शकतात. तशी फुलू दिली तर फळ विस्कळीत येते, धड बाजाराला नेता येत नाही. म्हणून आंबे बहार, मृग बहार किंवा हस्त बहार यांतला एक निवडायचा आणि त्याच्या आधी पाणी तोडायचे. हलक्या मुरमाड रानात ताण लवकर बसतो, भारी काळ्या रानात तो बसायला बराच जास्त वेळ लागतो. पाने पिवळी पडतात, गळायला लागतात, नवी पालवी थांबते. मग छाटणी, खत, आणि बेताबेताने वाढवत नेलेले पाणी. त्या पाण्यावर झाड एकदम फुटते आणि फुटव्याबरोबर कळी घेऊन येते. यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ताण हा बहाराचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा म्हणजे ताण तोडणे. आणि ताण किती द्यायचा हे कॅलेंडर ठरवत नाही, जमीन ठरवते. बोगनवेलीच्या बाबतीत लोक चुकतात ते नेमके याच दोन ठिकाणी, पण त्याकडे नंतर येऊ.

आधी हे झाड फुलते म्हणजे काय करते ते पाहू. ज्याला आपण बोगनवेलीचे फूल म्हणतो ती तीन रंगीत पाने असतात. वनस्पतिशास्त्रात त्यांना छद म्हणतात. खरे फूल त्यांच्या आत, प्रत्येक छदाच्या मधल्या शिरेला चिकटलेले, काडीइतके बारीक, नळीसारखे, टोकाशी पांढुरक्या चांदणीसारखे उमललेले. छदांचा रंगही गुलाब-जास्वंदीच्या रंगद्रव्यांचा नाही. तो बीटच्या लालीच्या घराण्यातला आहे. कुळाने ही वेल गुलबक्षीची आणि शेताच्या बांधावर पसरणाऱ्या पुनर्नव्याची बहीण लागते. पण आपल्या मुद्द्यासाठी फुलापेक्षा काटा महत्त्वाचा आहे. एखादी जोमदार हिरवी फांदी घेऊन पानाच्या बेचक्यात पाहिले तर तिथे किंचित वाकलेला काटा दिसतो. आता फुललेली फांदी घ्यावी आणि तीच जागा पाहावी: काट्याच्या जागी फुलोऱ्याचा देठ. दोन्ही अवयव मुळात एकच आहेत. बेचक्यातला तो कोंब पुढे फुलोरा होणार की तिथेच थांबून टणक होत काटा बनणार, याचा निर्णय झाड नंतर घेते. कॅलिफोर्निया विद्यापीठात हॅकेट आणि सॅक्स या दोन संशोधकांनी १९६०च्या दशकात बोगनवेलीवर प्रयोग करून हे तपासले. दिवस लहान असला, प्रकाश भरपूर असला की तराजू फुलोऱ्याकडे झुकतो; फांदी झपाट्याने लांबवणारे जिबरेलिन हे संप्रेरक वाढले की फुलोरा मागे पडतो. म्हणजे सोसायटीच्या त्या हिरव्यागार वेलीवरचा प्रत्येक बोटभर काटा हा एक न आलेला फुलोरा आहे. झाडाला अन्न मिळाले नाही म्हणून तो राहिला असे नाही. अन्न-पाणी इतके मिळाले की फांदी लांबवणेच झाडाला फायद्याचे ठरले.

कोकणातल्या हापूसवाल्याला हे कुणी वेगळे समजावून सांगायला नको. आंब्याच्या बुंध्याशी कल्टार घालतात, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. ते औषध झाडातले जिबरेलिन तयार होणे रोखते, वाढ आवरते आणि मोहोर आणते. डाळिंबवाला पाणी तोडून जे साधतो त्याच्या जवळपासचे काम कल्टार रसायनाने करते. कुंडीतल्या बोगनवेलीवरही व्यापारी रोपवाटिकांमध्ये वाढ रोखणारी अशी रसायने जगभर वापरली जातात. घरच्या कुंडीत मात्र त्यांच्या वाटेला जाऊ नये. मात्रा जरा चुकली तर वेल वर्षभर खुजी होऊन बसते, आणि जे काम नळ बंद ठेवून फुकटात होते त्यासाठी औषध आणायचे कारण नाही.

ही सवय झाडाला कुठून आली? बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. फ्रेंच दर्यावर्दी लुई अँत्वान द बूगँव्हील पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला तेव्हा त्याची जहाजे जून-जुलै १७६७मध्ये ब्राझीलच्या रिओ द जानेरो बंदरात होती. मोहिमेवरचा वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कॉमर्सन याने तिथे ही वेल टिपली आणि तिला आपल्या कप्तानाचे नाव दिले. त्याच्याबरोबर मदतनीस म्हणून ‘जाँ’ नावाने पुरुषवेशात वावरणारी झान बारे होती. पुढे पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणून तिची नोंद झाली. कॉमर्सनचा पाय त्या दिवसांत दुखावलेला असल्यामुळे वेल प्रत्यक्ष तोडून आणली ती बारेनेच, असा तर्क काही अभ्यासक करतात, आणि तो पटण्यासारखा आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते महिने. रिओ विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे २३ अंशांवर. तिथले जून-जुलै म्हणजे हिवाळा, वर्षातले सर्वांत लहान दिवस आणि पावसाचा उतार. थेरगाव उत्तरेला साडेअठरा अंशांवर आहे. महिने बदलायचे, ऋतूंचा क्रम तोच: उन्हाळी पाऊस, मग कोरडा आणि लहान दिवसांचा काळ. परदेशातून आलेल्या या वेलीला पुणे जिल्ह्याची हवा अनोळखी वाटावी असे फारसे काही नव्हते.

आता हाच क्रम आपल्याकडे लावून पाहू. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या काळात जमीन ओली, आकाश झाकलेले आणि दिवस मोठा, जूनच्या अखेरीस सव्वातेरा तासांचा. बोगनवेल तेव्हा पाने आणि काटे घालते. ऑक्टोबरात आभाळ उघडते, जमीन वाळू लागते, दिवस डिसेंबरपर्यंत अकरा तासांवर येतो. दिवाळीनंतर रस्त्याकडेच्या वेलींवर रंग दिसू लागतो आणि तो उन्हाळ्यात कळसाला जातो. इथे चौकस वाचक अडवेल आणि त्याने अडवावेच. लहान दिवसांनी फुले येत असतील तर एप्रिल-मे महिन्यांत, दिवस तेरा तासांकडे जात असताना, झाड सर्वांत जास्त का फुलते? याचे उत्तर असे, की दिवसाची लांबी ही एकटी कळ नाही. प्रखर ऊन आणि कोरडी मुळे यांचे वजन तेव्हा दुसऱ्या पारड्यात पडते. तेवढाच लांब दिवस जुलै-ऑगस्टमध्ये असतो, पण ऊन नसते आणि मुळाशी पाणी साचलेले असते. तेव्हा तीच वेल हिरवी राहते. दिवस सारखा, फुले वेगळी. फरक पडला तो पाण्याने आणि प्रकाशाने.

या दोघांत कुणाचा वाटा किती, हा पुढचा आक्षेप, आणि तो जास्त वजनदार आहे. दुभाजकातल्या वेलीला पाणी कमी मिळते हे खरे, पण तिला दिवसभर ऊनही मिळते. सोसायटीची वेल दोन मनोऱ्यांच्या मध्ये उभी असते. मग फुले न येण्याचा दोष ठिबकला देणे हा आततायीपणा नव्हे काय? या आक्षेपात बरेच तथ्य आहे. सिंगापूरकडे पाहिले तर ते आणखी ठळक होते. तिथे वर्षभर पाऊस, कोरडा ऋतू असा नाहीच, आणि तरी पादचारी पुलांच्या कठड्यांवर बोगनवेलीच्या रांगा फुललेल्या असतात. पण त्या वेली लावल्या कशात आहेत? उथळ पन्हळींत. पाऊस पडतो, निथळतो, आणि विषुववृत्तावरचे ऊन ती मूठभर माती लगेच सुकवते. दिवसही तिथे बारा तासांच्या पुढे फारसा जातच नाही. म्हणजे पाऊस किती पडला यापेक्षा मुळांजवळ तो किती वेळ टिकला हे मोजायला हवे. उन्हाबद्दल मात्र तडजोड नाही. रोज पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर ताण देऊन उपयोग होत नाही. सावलीतले झाड फुलण्याऐवजी पाने टाकून खंगते. थेरगाव-वाकड पट्ट्यात इमारती इतक्या जवळजवळ उभ्या राहिल्या आहेत, की अनेक गॅलऱ्यांना सकाळचे दोन तासच मिळतात. तिथे बोगनवेलीचा हट्ट सोडावा आणि सावली सोसणारे काही लावावे, हेच प्रामाणिक उत्तर आहे. तेव्हा नियम असा मांडावा लागेल: ऊन ही पूर्वअट, ताण ही कळ. ऊन असूनही जी वेल फुलत नाही तिच्याबाबतीत संशय पाण्यावर आणि खतावरच घ्यावा.

खताबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे, कारण इथे पिंपरी-चिंचवडचा एक स्थानिक घटक आहे. नोव्हेंबर २०१९पासून शहरात दिवसाआड पाणी आले आणि मोठ्या सोसायट्यांनी बागेला एसटीपीचे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून मिळालेले पाणी देणे आणखी गरजेचे झाले. पिण्याचे पाणी लॉनवर न ओतणे उत्तमच. पण या पाण्यात नत्र आणि स्फुरद उरलेले असते. लॉनला ते मानवते. बोगनवेलीला मात्र ते रोजच्या रोज पातळ युरिया दिल्यासारखे होते. नत्र म्हणजे पाने आणि लांब फांद्या. वरून आणखी खत घालणे तिथे निरर्थक आहे. बोअरचे जड पाणी मिळते तिथे उलट प्रकार दिसतो: कोवळी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. पांढरे क्षार कुंडीच्या कडेला धरलेले दिसतात. ही भूक लोहाची. माती चुनखडीने भरली की मुळांना लोह घेता येत नाही. ताणाने पिवळे पडलेले पान आणि लोहाविना पिवळे पडलेले पान यांत गल्लत करू नये. ताणाचे पिवळेपण खालच्या जुन्या पानांपासून सुरू होते, लोहाचे शेंड्याकडून.

‘नर्सरीत तर रोज पाणी मारतात, तरी रोप फुलांनी लगडलेले होते, घरी आणले आणि सगळे झडले,’ ही तक्रार नेहमीची. वर मांडलेल्या म्हणण्याला ती छेद देते असे वाटते, पण देत नाही. नर्सरीतले रोप पसाभर पिशवीत असते, मुळे पिशवीभर गच्च गुंडाळलेली असतात. सकाळी मारलेले पाणी दुपारपर्यंत संपते आणि ते रोप रोज थोडा ताण सोसत असते. घरी आणल्यावर मायेपोटी त्याला मोठ्या कुंडीत, शेणखत आणि कोकोपीट घालून बसवले जाते. आता मुळांना जागा आहे, कोकोपीट चार दिवस ओल धरते, आणि झाड फुले सोडून मुळे आणि फांद्या वाढवायला लागते. शिवाय बोगनवेलीची मुळे ठिसूळ असतात. पिशवी फाडताना मातीचा गड्डा फुटला तर फुले झडणे हा सर्वांत सौम्य परिणाम. म्हणून रोप त्याच्या गड्ड्यापेक्षा किंचितच मोठ्या कुंडीत, गड्डा न हलवता ठेवावे. माती निचऱ्याची हवी: लाल माती, मुरूम किंवा जाड वाळू, थोडे शेणखत. कोकोपीट जमल्यास टाळावे. ते एकदा पूर्ण वाळले की पाणी त्याच्या कडेने निसटून जाते आणि गड्डा आतून कोरडाच राहतो. मुळे कुंडीत दाटली म्हणून लगेच कुंडी बदलायची घाई नको. ती दाटी या झाडाच्या पथ्यावर पडते.

ताण द्यायचा कसा, तर बागायतदारासारखाच, पण लहान मापाने. पावसाळा सरत आला, म्हणजे सप्टेंबरअखेर, की लांबलेल्या फांद्या छाटाव्यात, कारण फुले नव्या फुटव्यावर येतात. दोन-तीन आठवडे नेहमीचे पाणी द्यावे, फुटवे बोटभर होऊ द्यावेत. मग पाणी तोडावे. इथे दिवस मोजू नयेत. दुपारी मान टाकलेली पाने संध्याकाळी पुन्हा ताठ होतात तोपर्यंत झाड सुखरूप आहे. सकाळीही ती लोंबलेलीच दिसली की ताण पुरा झाला. त्या दिवशी भरपूर पाणी द्यावे, कुंडीच्या खालच्या भोकातून वाहीपर्यंत. हा फेरा दोनदा-तीनदा झाला की फांदीच्या शेंड्याशी छदांचे इवलेसे रंगीत ठिपके दिसू लागतात. त्यानंतर मात्र हात आखडू नये. कळी दिसल्यावरही ज्यांना ताण द्यायची हौस सुटत नाही त्यांच्या अंगणात रंगीत कागदांचा सडा पडतो आणि फांदी मोकळी राहते. डाळिंबवाला कळी निघाल्यावर पाणी तोडणार नाही, तेच इथे. आणि मे महिन्यात गच्चीवरच्या सिमेंटच्या तापलेल्या फरशीवर ठेवलेल्या लहान कुंडीला दुसऱ्या ताणाची गरजच नसते. दिवसाआड येणारे पाणीच तिथे पुरेसा ताण आहे, आणि एखादी फेरी चुकली तर वेल मरू शकते. बोगनवेल कशातही जगते, हा समज जमिनीत रुजलेल्या जुन्या वेलीपुरता खरा आहे.

सगळ्या बोगनवेली सारख्याच वागतात असेही नाही. ग्लॅब्रा जातीची, लहान जांभळ्या छदांची वेल थोडीथोडी बारमाही फुलते आणि ताणाची फार वाट पाहत नाही. स्पेक्टॅबिलिस कोरड्या ऋतूनंतर एकदम फुलते. कोलंबियातल्या कार्ताहेना इथून १९१०मध्ये त्रिनिदादच्या मिसेस बट यांनी आणलेली किरमिजी वेल ही नैसर्गिक संकरातून आलेली. तिच्या वंशातली वाणे लाटांनी फुलतात आणि ताणाला सर्वांत चटकन प्रतिसाद देतात. तिच्याच एका फांदीत कोलकात्यात बदल होऊन ‘मेरी पामर’ हे एकाच झाडावर पांढरे आणि गुलाबी छद देणारे वाण आले. ‘महारा’सारख्या दुहेरी वाणांचे छद मात्र सुकल्यावरही गळत नाहीत, तपकिरी होऊन फांदीलाच लोंबकळतात. रोप घेताना हे माहीत असावे. विक्रेता आपण होऊन सांगत नाही.

शेवटचा आक्षेप बागकामाचा नाही, पण टाळण्यासारखाही नाही. परकी वेल, मधमाश्यांना फारसा उपयोग नाही, बहुतेक वाणे वांझ. मग शहराने तिच्यावर जागा का घालवावी? बागेतल्या बहुतेक वाणांना बी क्वचितच धरते, ती छाटकलमांनी वाढवावी लागतात; त्यामुळे घाणेरीसारखी ती रानात सुटत नाही. ही तिची जमेची बाजू. पण दुभाजकात बोगनवेल लावली म्हणून वृक्षारोपण झाले असे मानणे ही फसवणूक आहे. पवनाकाठची मोकळी जमीन, शाळांची आवारे, कारखान्यांच्या कुंपणालगतचे पट्टे इथे करंज, कडुनिंब, बहावा यांचाच हक्क आहे. जिथे हातभर माती, धूर आणि टँकरचे बेभरवशाचे पाणी आहे तिथे देशी झाडांतली फारच थोडी तग धरतील. तिथली जागा बोगनवेलीने कुणाकडून हिसकावलेली नाही. मावळातल्या पॉलिहाऊसमधल्या गुलाबाला जी निगा लागते तिच्या शतांशही ती मागत नाही.

तिला तिथे एकच गोष्ट खरोखर नडते, आणि ती पाण्याची नाही. शहरातल्या दुभाजकांतल्या वेलींना चौकोनी आकार देण्यासाठी ठेकेदाराची माणसे वर्षभर, हाताला येईल तेव्हा, शेंडे कापत राहतात. डिसेंबर-जानेवारीत कात्री फिरली की ताण सोसून तयार झालेले शेंडे कळ्यांसकट कचऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये जातात, आणि वेल पुन्हा फुटवे काढण्यात पुढचा दीड-दोन महिना घालवते. छाटणीचे काम नवरात्राच्या आत उरकावे आणि मग मे संपेपर्यंत रस्त्यावर आलेली एखादी आडवी फांदी सोडता कात्री लावू नये, एवढी अट निविदेत घातली तर पालिकेला त्यासाठी वेगळा पैसा खर्चावा लागणार नाही.